मेण सुटलेले पिकअप

"ते धूड आधी आत टाक," गुणाजीराव म्हणाले. धूड म्हणजे त्यांच्या मुलीची, संचिताची इलेक्ट्रिक गिटार. मुलगी बघायला ठाण्याहून निघालेले पाहुणे जिन्यात पोचले होते. लिफ्ट बंद होती आणि घर चौथ्या मजल्यावर, एवढाच काय तो दिलासा.

संचिता वायर काढेपर्यंत त्यांना दम निघेना. त्यांनीच गिटार उचलली, बेडरूममधल्या पलंगावर उताणी टाकली आणि दार ओढून घेतलं. वायर दाराखालून तशीच हॉलमधल्या गिटारच्या स्पीकरच्या खोक्यापर्यंत, म्हणजे अ‍ॅम्पपर्यंत आलेली राहिली. अ‍ॅम्पवर संचिताच्या आईने, कलावतीबाईंनी क्रोशाचा रुमाल अंथरला आणि वर पोह्यांच्या बश्या मांडल्या. झालं टीपॉय. बायोडेटात 'छंद: शास्त्रीय संगीत' असं गुणाजीरावांनी स्वतःच लिहिलं होतं. आता ते निभवायला नको?

खरं तर त्या गिटारवर त्यांचा राग होता तो शिट्टीमुळे. गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, तारेचा आवाज पकडणारा. संचिताच्या सेकंडहँड गिटारमध्ये दोन होते, दोन-दोन गुंडाळ्यांचे हंबकर. त्यांच्या आतलं मेण सुटलं होतं. मेण सुटलं की पिकअप तारेवर समाधान मानत नाही, जवळ कोणी बोललं तर तेही पकडतो, आणि अ‍ॅम्पसमोर नेला की कुकरसारखा किंचाळतो. "बदल एकदाचे ते," असं गुणाजीराव रोज म्हणायचे. संचिता तीन आठवडे नव्या जोड्या बघत होती. अल्निको चुंबकाची की सिरॅमिकची? एक गोड वाजते, दुसरी दणकून. स्थळांच्या बाबतीत तिने याच्या निम्मीही चिकित्सा केली नव्हती. आज रात्री ऑर्डर टाकायची, हे मात्र ठरलं होतं.

मुलगा अद्वय, सोबत त्याची आई. दोघं घामाघूम. कलावतीबाईंनी लगबगीने टेबलफॅनचं बटण दाबलं. अ‍ॅम्पची पिनही त्याच बटणावर होती. बारीक घुंई सुरू झाली.

"पंखा आवाज करतो हो तुमचा," अद्वयची आई म्हणाली.

"जुना आहे," गुणाजीराव म्हणाले. संचिताने ती घुंई बरोबर ओळखली, पण ती बंद करायची तर बश्या उचलून टीपॉयचं पितळ उघडं पाडावं लागलं असतं.

अद्वय मात्र हसून म्हणाला, "मी इन्स्टावर पाहिलंय तुला वाजवताना. एकदम भारी. आपला फुल सपोर्ट आहे." गुणाजीरावांच्या घशात पोहे अडकले. संचिता खुलली आणि तिने पिकअपचा विषय काढला. त्यावर अद्वयने तिला सिरॅमिक कसे चांगले ते सविस्तर समजावलं. त्याने एक व्हिडिओ पाहिला होता. अर्धा. तरी तिला तो आवडला. ऐकून घेणारा नवरा मिळत असेल तर थोडं ऐकवणाराही चालेल, असं तिच्या मनात येऊन गेलं.

मग अद्वयच्या आईने विचारलं, "आम्ही मायलेक जरा आत बोलून येऊ?" आत म्हणजे बेडरूम, दुसरं आत या घरात नव्हतंच. दार लागलं. संचिता बश्या जरा सरकवून अ‍ॅम्प बंद करायला वाकली.

"अरेच्चा, ही बघ, इथे लपवलीये," अ‍ॅम्प म्हणाला.

आवाज अद्वयचा होता. तो गिटारवर ओणवा झाला असणार. संचिताचा हात बटणावरच थांबला.

"पोरगी बरी आहे रे," अ‍ॅम्पमधून त्याची आई बोलली. "पण हे खूळ?"

"अगं, साखरपुड्यापर्यंत गोड बोलायचं. मग माळ्यावर."

"आणि नाही ऐकलं तर?"

"बापच ऐकायला लावेल. आपण येणार म्हणून त्याने गिटार लपवली, बघितलंस ना? ज्याला पोरीची लाज वाटते, तो आपल्याच बाजूचा."

कलावतीबाईंनी पदर तोंडाला लावला. संचिता बापाकडे बघत राहिली. तिला अद्वयच्या बोलण्याचं वाईट वाटलंच नाही. तो खोटं बोलला होता. पण शेवटचं वाक्य खरं होतं, आणि तेच लागलं.

गुणाजीरावांचे कान लाल झाले होते.

दार उघडलं. मायलेक हसत बाहेर आले. "आम्हाला मुलगी पसंत आहे," अद्वयची आई म्हणाली.

"एक मिनिट हां," म्हणून गुणाजीराव उठले आणि बेडरूममध्ये गेले. त्यांनी दार लावून घेतलं. हॉलमध्ये क्षणभर नुसती घुंई. मग पोह्यांच्या बश्या थरथरल्या.

"आमचा नकार आहे," टीपॉय खणखणीत आवाजात म्हणालं. "चहा टाकलाय, पिऊन जा."

चहाला कोणी थांबलं नाही. उतरताना लिफ्ट बंद असल्याचं या वेळी कोणाला जाणवलंही नसावं. गुणाजीरावांनी गिटार बाहेर आणली आणि टीव्हीशेजारी, दारातून आल्याआल्या दिसेल अशी उभी केली. तिच्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. संचिताचे डोळे भरून आले. तिने ते लपवायला मोबाइल काढला.

"अल्निकोच घेते, बाबा. टाकू ऑर्डर?"

"अजिबात नाही," गुणाजीराव म्हणाले. "रविवारी ठाकुर्लीचं स्थळ येतंय."