वांग्याचं सोंग

"हलू नकोस गं. वांगं कधी नाचतं का?" तोंडातल्या टाचण्या सांभाळत आजी म्हणाली.

"माझं नाचतं," ठकू म्हणाली आणि तिने कॉटवर उभ्या उभ्या एक गिरकी घेतली. कापूस भरलेला जांभळा, गोल अंगरखा तिच्याबरोबर अर्धाच फिरला. कच्चे टाके ताणले गेले.

उद्या शाळेत भाज्यांचं नाटक होतं. बाकीच्या मुलींनी टोमॅटो, गाजर, मटार पटकावले होते. ठकूने मात्र हात वर करून वांगं मागून घेतलं होतं आणि ते आजीनेच शिवायला हवं, असा हट्ट धरला होता. त्या हट्टापायी सुनेने आजीला या खोलीचा पत्ता दिला. नवऱ्याचं घर सोडून लेकीला घेऊन ती इथे राहायला आल्यापासून तो कुणालाच ठाऊक नव्हता. "तुमच्यापाशीच राहू द्या, आई," एवढंच ती फोनवर म्हणाली होती.

आजीने तो पत्ता काल मुलाला सांगून टाकला होता. भरल्या ताटावर बसून तो रडला होता.

आता तो खाली कोपऱ्यावर स्कूटरला टेकून उभा होता. आधी आजीने सुनेची समजूत काढायची, मग त्याला फोन करायचा, की तो वर येणार, असं ठरलं होतं. रागाच्या भरात एकदा बायकोवर हात उठला, हे त्याने कबूल केलं होतं. "लेकीला मात्र बोट लावलं नाही, तुझी शपथ," असंही म्हणाला होता. पोटचा पोर. आजीने खरं मानलं.

सून गॅसपाशी पाठमोरी उभी राहून दूध तापवत होती. विषय कुठून काढावा, हे आजीला सुचत नव्हतं.

"घेर जरा आत घ्यावा लागेल," ती म्हणाली आणि तिने गळ्यातला टेप सर्रकन ओढला.

ठकू खाली बसली. भिंतीकडे तोंड, दोन्ही कोपरं डोक्यावर, गुडघे त्या फुगीर वांग्यात मावतील तेवढे पोटाशी. रडली नाही, ओरडली नाही. नुसती वाट बघत राहिली.

आजीच्या हातात टेप लोंबत राहिला.

"तिला आधी सांगावं लागतं, आई," सून मागे न वळता म्हणाली. दूध वर येत होतं, त्यावर तिची नजर होती. "सांगितलं की उभी राहते."

कोपराच्या फटीतून एक डोळा दिसला. "टेप आहे होय? मला वाटलं पट्टा." ठकू उठली, हात पसरून उभी राहिली. "घे माप."

आजीने टेपची गुंडाळी केली. ती कॉटच्या कडेवर बसली.

"सूनबाई," ती म्हणाली, "तो खाली उभा आहे."

सुनेने गॅस बंद केला. ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर आजीला बरं वाटलं असतं. तिने कॉटखालून बॅग ओढली. बॅग भरलेलीच होती. तिने ठकूकडे बघून मान हलवली, तशी ठकूने अंगरखा डोक्यावरून काढला, घडी करायचा प्रयत्न केला, ती होईना तेव्हा आजीच्या मांडीवर ठेवला. मग कोपऱ्यातले बूट उचलून तिने हातात घेतले.

"अगं, घाल ना पायात," आजी म्हणाली.

"मागचा जिना लोखंडाचा आहे. वाजतो," ठकूने तिला हलक्या आवाजात समजावलं. मग आईकडे वळून विचारलं, "उद्याचं नाटक?"

"नाही."

"मग वांगं कोण होणार?"

सुनेने खुंटीवरचा टॉवेल बॅगेत कोंबला.

"मी सांगते त्याला," आजी घाईघाईने म्हणाली. "परत घेऊन जाते. तू नको जाऊस."

"तुमचं ऐकतो तो?"

आजीने विचारलं, "कुठे जाशील?"

बॅगेची चेन लावता लावता सुनेने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला सांगू?"

मागचं दार उघडलं आणि लोटलं गेलं. जिना वाजला नाही.

आजीने उठून त्या दाराला आतून कडी घातली. दिवा लावला. एकुलती एक खुर्ची तिने खिडकीशी ओढली आणि खालून दिसेल अशी बसली, वांगं मांडीवर घेऊन. कोपऱ्यावरून मुलाने वर बघितलं, हाताने "काय झालं?" असं विचारलं. तिने हातानेच "थांब" म्हटलं. त्याला कुठला धीर! लगेच फोन वाजला.

"काय म्हणतेय? येऊ का वर?"

"थांब रे. माप चाललंय. सारखी हलतेय पोर." आजी रिकाम्या कॉटकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "ठकू, सरळ उभी राहा बघू!"

"किती वेळ अजून?"

"बाह्या राहिल्यात. दोन्ही."

तिने फोन ठेवला. वांग्याला बाह्या नव्हत्याच. आजीने सुईत दोरा ओवला, आणि खालून दिसावा म्हणून हात उंच नेत पहिला टाका ओढला.