सर्पमित्रांचा सर्व्हर

मोठ्या कंपनीच्या ॲपवर साप निघाल्याची खबर जाहिरातींखाली दबून जायची, म्हणून रियाने भिवपुरीच्या घरात स्वतःचा छोटा सर्व्हर लावला. पळसदरीपासून पोशीरपर्यंतचे सर्पमित्र त्यावर एकमेकांना खबर देऊ लागले.

वर्षभरात कंपनीने जाहीर केलं, की आपलं ॲपही आता अशा छोट्या सर्व्हरांशी जोडलं जाईल. इकडे लिहिलेलं तिकडे दिसेल.

“मग आमी तिकडंच जातो गं,” त्यांच्यातले जुने सर्पमित्र सहदेवकाका म्हणाले. “गावातली सगळी तिकडंच हायत. तुझ्याशी बोलणं तर राहीलच.”

“आणि उद्या त्यांनी जोडणी तोडली तर, काका?”

“एवढी मोठी कंपनी! आपली मूठभर माणसं पळवून तिला काय मिळणार हाय?”

हळूहळू सगळेच गेले. मग कंपनीने जोडणी तोडली.

आज रियाच्या दारात घोणस वेटोळं घालून बसली. घराला दुसरं दार नव्हतं आणि कडेवर तान्ही मुलगी. काकांचा फोन लागेना. तिने सर्व्हरवर खबर टाकली. वाचायला कुणीच नव्हतं. शेवटी तिने कंपनीचं ॲप उघडलं. पडद्यावर ओळ आली:

 

“तुमच्या ओळखीचे सगळे इथेच आहेत. खातं उघडताय ना?”