पिवळी भिंत

पेर्निक या खाणींच्या थंड गावातल्या त्या जुन्या इमारतीत जो तो आपल्या घरापुरतंच भिंतीला बाहेरून थर्मोकोलच्या फळ्या लावून घ्यायचा. देचकानेही स्वतःच्या घरापुरत्या फळ्या आणल्या होत्या; पण दोराला लटकून काम करणाऱ्या प्लामेनला तिने खिडकीतून सांगितलं, "आधी खालच्या घराची भिंत घे."

लगेच खालच्या खिडकीतून म्हाताऱ्या मेतोदीचं डोकं बाहेर आलं. खाणीत जन्म गेलेला, खोकून बेजार झालेला. पण कुणाकडून काही घेईल तर शपथ.

"ए बाई, मला कुणाचे उपकार नकोत! आणि त्या पांढऱ्या फळ्यांत आहे काय? नुसती हवा!"

"ती हवाच थंडी अडवते. आणि उपकार कसले डोंबलाचे? तुमच्या घरातला गारठा माझ्या फरशीतून वर येतो. पाय बधिर होतात माझे!"

"मग लाव. पण तुझ्या पायांसाठी हं!" मेतोदीने खिडकी धाडकन लावून घेतली.

संध्याकाळी खालच्या भिंतीवरच्या फळ्यांना पिवळा रंगही लागला, पण तोवर फळ्या संपल्या. "मावशी, तुमच्याच झोपायच्या खोलीची भिंत उघडी राहिली की!" प्लामेन म्हणाला.

"हळू बोल," देचका म्हणाली. "तिला नुसता पिवळा रंग फास, खालच्यासारखाच. उद्या म्हातारा अंगणात उभा राहून बघणार."