चैत्रांगण काढणारे हात

"हे हात तुझेच ना?" मॅनेजर दयानंद सरांनी लॅपटॉप रंजिताकडे वळवला.

पडद्यावर लाल सिमेंटची जमीन होती आणि दोन हात. मनगटं हिरव्या काचेच्या बांगड्यांनी गच्च भरलेली. उजव्या चिमटीतून रांगोळी सुटत होती आणि खाली कासव उमटत होतं. ठिपके नाहीत, खडूची खूण नाही, हात एकदाही थबकला नाही. पाठीवरची नक्षी भरून झाली तेव्हा ते आता चालायला लागेल असं वाटलं.

हा व्हिडिओ तिने कितीदा तरी पाहिला होता, तरी आताही तिची नजर पडद्यावरून हटत नव्हती. सरांची गत काही वेगळी नव्हती. जाब विचारायला बसलेला माणूस कासवाची शेपटी पुरी होईपर्यंत अवाक्षर बोलला नाही.

"माझी बायको याची वर्गणी भरते," मग ते म्हणाले. "रोज सकाळी माझा चहा गार होतोय बघ. 'अंगण' लागलं की घरात कुणी बोलायचं नाही. मीपण बघायला लागलो. आणि परवा हे दिसलं."

त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक फुटकं जातं होतं. मागच्या गणपतीत सगळी टीम कोरमंगलाच्या ऑफिसातून मल्लेश्वरमला रंजिताच्या घरी जेवायला गेली होती. पंगत गच्चीवरच्या खोलीत बसली होती आणि सरांचं पान नेमकं या जात्याशेजारी होतं.

'अंगण' कोण चालवतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नाव नाही, चेहरा नाही, आवाज नाही. नुसते हात आणि बांगड्यांची किणकिण. दरमहा पैसे भरणाऱ्यांनाच पुरा व्हिडिओ दिसे आणि भरणारे वाढतच होते. सध्या चैत्र चालू होता. ते हात रोज थोडं थोडं करून चैत्रांगण काढत होते. शंख झाला, हत्ती झाला, गोपद्मं झाली. खाली एकाने लिहिलं होतं, 'दवाखान्यात आईच्या उशाशी बसून पाहिलं. बऱ्याच दिवसांनी आई हसली.' असं काही वाचलं की रंजिताच्या अंगावर काटा येई.

"यात वाईट काय आहे सर?"

"वाईट? अगं, देवाचे हात आहेत हे. पण कंपनीचा नियम तुला माहिताय. बाहेरची कमाई चालत नाही. आणि जातं ओळखणारा मी एकटा नाही. वर तक्रार गेलीय." त्यांनी आवाज खाली आणला. "आज चॅनल बंद कर, नाहीतर राजीनामा दे, असं सांगायला लावलंय मला. स्वल्प विचार कर, थोडा तरी. तुझं टीम लीडचं पत्र तयार आहे."

त्या पत्रासाठी रंजिताने काय काय सोसलं होतं ते सरांनीच पाहिलं होतं. त्यांनाच राहवेना.

"घरातल्या दुसऱ्या कुणाचे हात असतील तर तसं सांग की. नियम तुला आहे, घरच्यांना नाही. एका ओळीत विषय संपेल. घरात बायका कोण कोण?"

"मी आणि सासूबाई."

"मग सासूबाई..." सर बोलता बोलता थांबले. जेवायला गेले होते तेव्हा बाहेरच्या खोलीत तिच्या सासऱ्यांचा हार घातलेला फोटो त्यांनी पाहिला होता. त्यांची नजर परत पडद्यावरच्या हिरव्या बांगड्यांवर गेली आणि ते ओशाळले. "छे, मीपण काय विचारतोय. राहिलीस तूच."

रंजिताने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं.

"हो सर. माझेच."

"तरी म्हटलं! दिवाळीला ऑफिसखाली रांगोळी काढ म्हटलं तर पळून गेली होतीस. हात ओळखतील म्हणून, सरी? बरोबर ना?"

ती कसनुसं हसली.

"मग बंद करून टाक. नोकरी कुठं, रांगोळी कुठं."

"बंद नाही होणार सर."

तिने तिथेच बसून राजीनामा लिहिला, पाठवला, गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. एवढी शिकलेली, कामाला वाघ असलेली मुलगी रांगोळीच्या चिमटीसाठी सगळं सोडून निघाली होती. सरांना तिचा राग यायला हवा होता. आला तो आदरच.

दारापाशी त्यांनी तिला हळूच विचारलं, "चैत्रगौरीचा झोपाळा राहिलाय ना अजून? बायको कधीची वाट बघतीय."

"आज निघेल."

ऑटोत बसल्यावर तिला रडू आलं. घर येईपर्यंत तिने ते आवरलंही. नवरा योगीराज अजून ऑफिसातच होता, आणि एका परीने ते बरंच होतं. त्याला रात्री सांगता येणार होतं.

गच्चीवरच्या खोलीत दुपारचं ऊन सरळ जमिनीवर आलं होतं. तिने जमीन पुसली, रांगोळी चाळून वाटीत घेतली, फोन स्टँडवर लावला. चौकटीत चेहरा येत नाही ना ते दोनदा तपासलं. जिन्यावर पावलं वाजली.

"एवढ्या लवकर आलीस? कुणी काय बोललं काय गं?" सासूबाईंनी दारातूनच विचारलं.

"काही नाही आई. कामच संपलं. आज झोपाळा काढायचाय ना?"

रंजिताने दार आतून लावून घेतलं, साबणाचं पाणी पुढ्यात ओढलं आणि सासूबाईंचं रिकामं मनगट मांडीवर घेऊन पहिली हिरवी बांगडी चढवत म्हणाली, "हात सैल सोडा."