समोरचा माणूस

रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात ज्याला समोर बसवून चित्र काढायचं होतं, तो माणूस आलाच नाही. सर दोनदा जिन्यापर्यंत जाऊन बघून आले. मग कुणाला तरी आठवलं, की वर्गात शिकायला येणाऱ्या काकूंचे यजमान दर रविवारी वर्ग सुटेपर्यंत खाली गाडीत पेपर वाचत बसलेले असतात.

ते नाही बसायचे, असं काकू म्हणेपर्यंत दोन मुली जिना उतरल्यासुद्धा, आणि काका हसत हसत वर आले.

काकांचं चष्म्याचं दुकान होतं. सगळं आयुष्य लोकांच्या नाकांवर चष्मे बसवण्यात गेलेलं. त्यामुळे काकू घरी जे काही काढत, त्यातल्या नाकांबद्दल काकांचं ठाम मत असे. आजही ते खुर्चीत ऐसपैस बसले आणि बाकी काही चुकलं तरी चालेल, नाक तेवढं सांभाळा, असं त्यांनी सगळ्या वर्गाला बजावलं. सगळे हसले. सरांनी त्यांची मान किंचित वळवली, हात मांडीवर ठेवायला सांगितले, आणि पेन्सिली चालू झाल्या.

काकूंनी आजवर किटली काढली होती, खुर्च्या काढल्या होत्या, झोपलेली नात काढली होती. नवऱ्याला कधी काढलं नव्हतं. तो काय, समोरच असतो. आता त्या कपाळापासून निघाल्या. भुवया झाल्या, ते सुप्रसिद्ध नाक झालं. ओठ काढताना त्यांना या वयात उगाचच लाजल्यासारखं झालं. गळ्यापाशी आल्यावर दिसलं, की शर्टाची कॉलर सैल पडतेय. म्हणजे मान बारीक झाली होती. कधी झाली? मग त्या हातांपाशी आल्या.

उजव्या हाताचा अंगठा हलत होता. शेजारच्या बोटावर हळूहळू घासत होता, चिमटीत बारीकशी गोळी धरून वळावी तसा. मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. काका खिडकीबाहेर बघत होते.

"हात तेवढा हलवू नका हं काका," पुढच्या रांगेतली मुलगी म्हणाली.

"सॉरी, सॉरी," म्हणत काकांनी डावा हात उचलून उजव्यावर ठेवला. इतका सहज ठेवला, की ही त्यांची रोजची सवय आहे, हे काकूंना तिथल्या तिथे कळलं.

त्यांची पेन्सिल थांबली. डोळे थकतात, म्हणून फ्रेमचे बारीक स्क्रू आता दुकानातल्या कारागिराकडे दिलेत, असं काका मागे म्हणाले होते. चष्मेवाल्याचेच डोळे गेले, हे काकूंनी चारचौघांत हसून सांगितलं होतं. पाहुण्यांत बसलं की काका हल्ली चहा नको म्हणायचे, पित्त होतं म्हणून. चालताना हात खिशात असायचा. त्यावर तर काकूंनी टोमणाही मारला होता, की या वयात हिरोगिरी कुणाला दाखवताय? प्रत्येक वेळी काकांकडे काहीतरी कारण तयार होतं, आणि काकूंनी ते खरं मानलं होतं.

त्यांनी खोडरबर उचलला आणि परत ठेवला. मग जे दिसत होतं तेच काढलं. वरचा हात, आणि त्याच्या बोटांमधून डोकावणारा तो अंगठा. एका रेघेवर दुसरी, तिच्यावर तिसरी.

सर मागे येऊन उभे राहिले. चेहरा सुरेख जमलाय म्हणाले. अंगठ्याच्या रेघांतली एक कुठली तरी ठरवून पक्की करायला मात्र सांगून गेले. काकूंनी मान डोलावली आणि काहीच केलं नाही.

वेळ संपल्यावर काका उठून एकेका चित्रापुढे गेले. एकीनं त्यांना फारच तरुण करून ठेवलं होतं, तिला त्यांनी दुकानात यायचं आमंत्रण देऊन टाकलं. एकाच्या कागदावर ते रागीट हेडमास्तर झाले होते, त्यालाही नाकापुरते पैकीच्या पैकी मार्क दिले. असं हसवत हसवत ते काकूंच्या कागदापाशी आले आणि त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"दिसलं वाटतं," शेवटी ते हळूच म्हणाले.

"मला सांगायचंत तरी."

"बोललं की खरं होऊन बसतं गं."

आजूबाजूला खुर्च्या सरकत होत्या, बॅगा भरल्या जात होत्या. काकूंना राग आला होता, काकांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. पण त्या एवढंच म्हणाल्या, की उद्या डॉक्टरांकडे जायचं. काका लगेच हो म्हणाले. डॉक्टर म्हटलं की शंभर सबबी सांगणारा हा माणूस एका शब्दात कबूल झाला होता.

डॉक्टरांनी तपासलं, चालायला लावलं, लिहायला लावलं. आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. एकदम काही होत नाही, पण लक्ष ठेवा, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू ओट्याशी भांडी विसळत होत्या. मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. काकांनी टेबल खिडकीच्या उजेडात घेतलं होतं. ते बसले, शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली आणि उजवा हात एकटाच टेबलावर ठेवला.

"रोज एक काढत जा," ते म्हणाले. "कमी होतंय की वाढतंय, ते दोघांनाही कळेल."

काकूंनी ओले हात पुसले. पेन्सिलीला टोक केलं, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ लावून. मग स्वतःची खुर्ची त्या हाताच्या अगदी जवळ ओढून त्या बसल्या.