बुरुजावरची दुर्बीण

लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा कुठे घड्याळजी आपल्या बायकोला तळ्याकाठच्या एका जुन्या डोंगरी गावी घेऊन गेला, तेही एका दिवसापुरतं. "लेकीने तिकिटं काढलीच आहेत, वाया कशाला घालवायची," एवढंच त्याचं आमंत्रण.

सकाळभर दोघं न बोलता हिंडले. दुपारी किल्ल्याच्या बुरुजावर पोचले. तिथे पर्यटकांसाठी दुर्बीण बसवलेली होती. तिने डोळा लावला.

खाली, तळ्याकाठच्या बाकावर, ती स्वतःच बसली होती. अंगात तिने परवा स्वतःच्या हाताने शिवलेला निळा कोट. शेजारी नवरा संत्रं सोलून एकेक फोड तिच्या हातावर ठेवत होता, आणि ती बाई पोट धरधरून हसत होती.

नवरा तर इथे, तिच्या पाठीमागे, जांभया देत उभा होता.

"अहो, जरा बघता का?"

"तळं ते तळं. त्यात काय बघायचंय?" म्हणत त्याने डोळा लावला. बराच वेळ तो वाकलेलाच होता. सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा इतका मवाळ झाला होता, की तिला तो ओळखीचा वाटेना.

"मी आलोच," तिच्याकडे न बघता तो म्हणाला आणि पायऱ्या उतरू लागला.

"अहो, मी इथे आहे."

त्याने मागे वळून पाहिलं नाही.

तिने पुन्हा डोळा लावला. बाकावर आता ती बाई एकटीच होती. कोटाच्या बाहीने ती शेजारची जागा पुसत होती. मग तिने मान वर करून थेट बुरुजाकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.