चेंबरचा शेवटचा बोल्ट

पाना पुन्हा घसरला आणि वैजनाथच्या बोटांची सालटं निघाली. वर ट्रकचं पोट, पाठीखाली माती आणि तोंडावर ठिबकणारं काळं तेल. तो थुंकला, तरी जिभेवरची कडू चव जाईना. या गाडीत हात घालावा तिथं घाणच होती. कॅबिनमध्ये उंदरांनी पिल्लं घातलेली, सीटखाली भावाच्या कोंबड्यांची शिट सुकून दगड झालेली आणि एकूण एक बोल्ट गंजून धरलेला. कित्येक बोल्ट तुटले, काही कापून काढावे लागले. आता इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा हा एक उरला होता. त्याचं डोकं झिजून गोल झालं होतं, म्हणून सकाळी वेल्डर बोलावून वर नवा नट जोडून घेतला होता. चेंबर उतरल्याशिवाय इंजिन का अडकलंय ते कळणार नव्हतं.

"रेटू नको," पलीकडच्या शेडातून आप्पा म्हणाले. "वरडून राहिला त्यो. तुटंल. आधी उलसा आवळ, मंग ढिला कर."

आप्पा म्हणजे वैजनाथचे वडील. याच ट्रकवर त्यांची उमर गेली होती. अर्धांगवायूनं डावं अंग गेलं, जीभ जड झाली, कान मात्र शाबूत राहिले. पत्र्याच्या शेडात बाजेवर पडल्या पडल्या ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, पाना नीट बसलाय की नाही. त्यांनी धाकट्या लेकाकडं एकच गोष्ट मागितली होती. "एकदा चालू कर रं. आवाज आईकला की म्या जायाला मोकळा." वैजनाथनं शब्द दिला होता.

गावात त्याचं नाव निघायचं. बापाचं गू-मूत काढतो, पाठीच्या जखमा धुतो, असा लेक नशिबानं मिळतो, असं बाया एकमेकींना सांगायच्या.

आणि त्याचा थोरला भाऊ देविदास. तो मधल्या भिंतीपलीकडं राहायचा. दिवसातून एकदा यायचा, बाजेपासून लांबच नाकाला रुमाल लावून उभा राहायचा आणि विचारायचा, "काय म्हनतंय?" हे आप्पांबद्दल की ट्रकबद्दल, ते कळायचं नाही. ट्रकची जागा रस्त्याला लागून होती. परवा तर त्यानं आप्पांच्या देखतच सांगितलं, "आप्पा सुटले की हे धूड भंगारात घालू. हितं मस्त गाळे निघतेत."

वैजनाथनं तोंड फिरवलं. बाजारात जनावराचं ठरवावं तसं हा जित्या बापाचं ठरवत होता. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. "मानूस हाय का गिधाड?" तो बायकोला म्हणाला. "एका आईच्या पोटी असलं कसं निपजलं?" भावाची अशी किळस आली की त्याला स्वतःबद्दल जरा बरं वाटायचं.

आज बायको आप्पांचं औषध आणायला अहमदपूरला गेली होती. त्यानं आप्पांचं ऐकलं. आधी बोल्ट थोडा आवळला, मग पाना उलटा फिरवला. आत काहीतरी करकरलं आणि बोल्ट हलला. पाव फेरा, अर्धा फेरा, मग हातानंच फिरायला लागला.

"सुटला!" तो गाडीखालूनच ओरडला. "सुटला बाबा एकदाचा!"

आप्पांची ओ आली नाही. झोप लागली असेल, असं म्हणून तो हातातला बोल्ट चिंधीनं पुसू लागला. तेवढ्यात फाटक धाडकन उघडलं. चाकांच्या मधून त्याला वहिनीचे पाय दिसले. ते शेडाकडं धावत होते.

"मामंजी ओ," शिवगंगावहिनीनं हंबरडा फोडला. "आमाला टाकून गेले ओ..."

मागून देविदासच्या चपला आल्या. तो फोनवर बोलत होता. "हाव, आत्ताच सुटले आप्पा. मुरुडवाल्यास्नी बी कळवा."

वैजनाथ तसाच पडून राहिला. आप्पा गेले. ट्रकचा आवाज न ऐकताच गेले. रडू यायला हवं होतं, त्यानं वाट पाहिली, पण ते आलं नाही. आता उद्यापासून ती बाज धुवायची नाही. तो वास नाही, रात्रीच्या हाका नाहीत, आणि हा घाणेरडा ट्रकही नाही. डोक्यावरचं पोतं खाली टाकावं तसा त्यानं श्वास सोडला.

"सुटलो," तो म्हणाला.

आणि वहिनीचं रडणं मध्येच तुटलं.

तो सरपटत बाहेर आला. शेडाच्या तोंडाशी वहिनी तोंडात पदर कोंबून उभी होती. देविदासचा फोन कानालाच होता. बाजेवर आप्पा टक्क डोळे उघडे ठेवून तिघांकडं पाहत होते.

"तुमीच की वरडले भावजी," वहिनी पुटपुटली. "सुटला एकदाचा म्हनून. मला वाटलं, मामंजींचा जीव."

वैजनाथनं मूठ उघडून बोल्ट दाखवला. मग तो भावावर उखडला. "बाप जित्ता हाय अन् सोयऱ्यास्नी सांगावे धाडून राहिला? जरा तरी लाज धर दादा. थू तुह्या जिंदगानीवर."

देविदासनं मान खाली घातली. दोघं आल्या वाटेनं निघून गेले. फाटक लागेपर्यंत वैजनाथ त्यांच्या पाठीकडं पाहत राहिला. मग तो जमिनीवर थुंकला आणि आप्पांना पाणी पाजायला तांब्या घेऊन बाजेजवळ आला.

आप्पांनी उजव्या हातानं तांब्या बाजूला सारला.

"बोल्ट सुटला, ते आईकलं म्या," ते म्हणाले. "त्याच्या मागून कोन सुटलं रं?"